म्हातारीचे चार प्लग

भगवंत हे लिहिणारच नव्हता. म्हातारीचं बाकी सगळं त्याच्या वहीत होतं. रेडिएटर गळला तेव्हा आत किती हळद टाकली, दर्यापूरच्या अलीकडं मागचं चाक निघून गाडीच्या पुढं पळालं ती तारीख, स्प्रिंगचा पाटा कोणत्या लोहारानं जोडून दिला, सगळं. फक्त त्रेचाळीस सालच्या फागुनातल्या तीन दिवसांचं पान कोरं होतं. वही उघडली की तो ते पान अंगठ्यानं दाबून उलटवायचा. कोण वाचणार आहे, राहू दे, असं त्यानं दोनदा ठरवलंही. मग एका दुपारी पेन्सिल तासली आणि बसला.

म्हातारी म्हणजे मोटर. सव्वीस सालची, अमेरिकेची, वरून उघडी. अमरावतीच्या एका वकिलानं वापरून वापरून सोडलेली. शालिकरामच्या बापानं, खुशालरावानं, ती अंजनगावला आणली, मागची गादी काढून टाकली आणि तिथं सुताराकडून लाकडी पिंजरा ठोकून घेतला. लहान आगगाडी अंजनगावावरून जायची, पण ती मुर्तिजापूरकडं. अमरावतीच्या बाजारात सकाळी माल पोचवायचा तर म्हातारीच पाहिजे. विड्याची पानं, मेथी, मुळे, दसरा-दिवाळीला झेंडू, सगळं तिच्या पिंजऱ्यात बसून जायचं आणि पुढं ड्रायव्हरच्या बाजूला एखादा पाहुणा.

ड्रायव्हर शालिकराम. घर कुणब्याचं, दोन मोठे भाऊ शेतीत, हा तिसरा. त्याला बैलाच्या मागं चालायचा कंटाळा आणि चाकाच्या मागं बसायचा सोस. गाडी दुरुस्त करायचं काम भगवंतचं. तो माळ्याचा. गावाबाहेर ओढ्याला लागून त्यांचा मळा. दोघं एकाच वर्षी शाळेत बसले आणि एकाच वर्षी उठले.

भगवंतला मोटरीचं कोणी शिकवलं नव्हतं. एका पावसाळ्यात म्हातारी बंद पडली, रस्ते चिखलाचे, मिस्त्री यायला तयार नाही. तेव्हा यानं टिनाखाली तिचं पोट उघडलं आणि जे जिथून निघालं ते तिथंच परत बसवलं. ती चालू झाली. कशानं झाली ते त्यालाही कळलं नव्हतं, पण गावानं त्याला मिस्त्री म्हणायला सुरुवात केली आणि मग त्याला शिकावंच लागलं. वकिलानं गाडीत सोडलेलं फाटकं इंग्रजी पुस्तक होतं. इंग्रजी दोन यत्ता. बाकी अंदाज.

आता म्हातारीची खोड सांगितली पाहिजे. ती तेल प्यायची. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, तेल वर चढायचं आणि पेट्रोलबरोबर जळायचं. मागं निळा धूर. नव्या रिंगा लढाईमुळं मिळत नव्हत्या. त्या तेलानं चारही प्लग काळे, ओले होऊन जायचे, काजळाच्या डबीत बोट बुडवावं तसे. प्लग ओला झाला की ठिणगी पडत नाही, ठिणगी नाही तर गाडी नाही. म्हणून दर खेपेनंतर भगवंत प्लग काढायचा, खरडायचा, पुसायचा, बसवायचा. असं दोन वर्षं चाललं.

मग फागुनात दोन प्लगांची चिनीमाती तडकली आणि त्याच आठवड्यात अमरावतीहून कागद आला. सोमवारी गाडी तपासायला आणा. पास झाली तर पेट्रोलचं कूपन चालू, नाही तर बंद.

कागद खुशालरावांनी ओसरीवर शालिककडून दोनदा वाचून घेतला. नंतर तंबाखू मळत म्हणाले, "पास झाली त ठीक. नाई झाली त मंगळवारी जमादाराकडं नाव देऊन दे."

जमादार म्हणजे फौजेच्या भरतीचा. बाजाराच्या दिवशी अंजनगावात वडाखाली खुर्ची टाकून बसायचा. त्याला शिपायांपेक्षा ड्रायव्हर जास्त पाहिजे होते.

"बाबा, शेतीत करतो न मी," शालिक म्हणाला.

"शेतीत दोघाचं काम हाय, दोघं हायेत. तू तिथं उभा राहून काय करशीन, पाखरं हाकलशीन?"

खुशालराव एकदा बोलले की बोलले. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. चांदूर बाजारचे दोन पोट्टे असेच गेले होते. एकाचं पत्र यायचं, त्यातल्या अर्ध्या ओळींवर काळी शाई फिरवलेली. दुसऱ्याचं यायचं थांबलं होतं. शालिकच्या बायकोला, रुख्मिणीला, सहावा महिना होता.

"तिकडं लढाईवर म्हणते रस्तेच नाई," शालिक भगवंतला मळ्यात येऊन म्हणाला. "नुसतं जंगल. मंग डायवर कायले पाह्यजे बे त्याईले? झाडावर गाडी चढवाची हाय का?"

भगवंत हसला. शालिक हसला नाही.

"तू प्लग आण," तो म्हणाला. "कोठूनबी आण. बाकी मी चालवून दाखवतो. ते साहेब बाजूले बसून झोपला पाह्यजे, अशी चालवतो."

शनिवारी सकाळच्या लहान गाडीनं भगवंत मुर्तिजापूरला आणि तिथून अकोल्याला जाणार होता. जुने चार प्लग नमुन्याला सोबत न्यायचे होते. शुक्रवारी दुपारी ओढ्यावर त्याची माय, गंगूबाई, मुळे धूत होती. माळ्याच्या घरात न धुतलेला माल बाजारात जात नाही. मुळा चांगला असो की पोकळ असो, त्याची माती काढायची, पाला सारखा करायचा, पांढराधोप दिसला पाहिजे. भगवंतही तिथंच बसला. आधी रॉकेल, मग चुलीतली राख, मग रिठ्याचं पाणी आणि वर तारेचा ब्रश. खरडून न निघालेली दोन वर्षांची काजळी निघाली. तडकलेले प्लगसुद्धा चमकायला लागले.

"नवे आणले का रे?" मायनं विचारलं.

"जुनेच हायेत."

"मंग नवे कायले पाह्यजे?"

अकोल्यात ताजनापेठेत वामनरावांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, मागं कपाट आणि समोर बाक. वामनराव आधी कापसाच्या जिनात इंजिनावर होते. लढाई सुरू झाल्यापासून वऱ्हाडात कोणाला मोटरीचा सुटा भाग पाहिजे असला की लोक म्हणत, वामनरावाकडं जा, असला तर देतील, नसला तर शिव्या देतील. बाकावर नत्थुजी नावाचा एक ड्रायव्हर पाय वर घेऊन बसला होता. एका जिनवाल्या सेठची मोटर चालवायचा. टोपी नवी, बोलणं मोठं.

भगवंतनं फडक्यातून चारही प्लग काढून फळीवर मांडले. बाजारात वांगी मांडावी तसे, चांगली बाजू वर.

वामनरावांनी एक उचलला. टोक पाहिलं. मग नाकाशी नेला आणि वास घेतला.

"याले रिठ्याचा वास येते," ते म्हणाले. "लुगडं धुतलं का याच्यासंग?"

नत्थुजी फिसकन हसला.

"साफ करून आणले जी," भगवंत म्हणाला.

"कोणी सांगतलं तुले साफ कराले? वैद्याकडं जाताना जीभ घासून जातं का कोणी? प्लगचं टोक पाहूनच मले समजते इंजिनाच्या पोटात काय हाय ते. कोरडं काळं असलं त एक, ओलं काळं असलं त दुसरं, पांढरं पडलं त तिसरं. तू त पाटीच पुसून आणली." त्यांनी आटे मोजले, बोटांनी प्लगची मान मापली. "आटे समजले. आता मले तोंडानं सांग. कोणती मोटर? कोणतं साल?"

भगवंतनं सांगितलं.

"कोठची?"

"अंजनगाव सुर्जी."

नत्थुजीनं पाय खाली घेतले. "अंजनगाव? ते धूर सोडणारी तुमचीच का रे? म्या पाह्यली दर्यापूरले. मले वाटलं आगगाडी रूळ सोडून आली."

वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तेल खाते का?"

आता इथं भगवंत थांबला असता तर हे पान लिहायला लागलं नसतं. पण तो थांबला नाही. विचार करून खोटं बोलला असंही नाही. लहानपणापासून तो मायच्या बाजूला बाजारात बसला होता. गिऱ्हाइकानं वांगं उलटंपालटं करून विचारायचं, किडकं तर नाही न, आणि मायनं प्रश्न संपायच्या आत म्हणायचं, नाई वो बाई, सकाळीच तोडलं. टोपलं एकदा खाली ठेवलं की आपल्या मालाबद्दल वाईट बोलायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलंही नव्हतं. ते जिभेतच होतं. त्यात तो नत्थुजी हसून राहिला होता.

"तेल? थेंबबी नाई जी," भगवंत म्हणाला.

"मंग हा म्हणते तो धूर?"

"ते दुसरी असन. चांदूर बाजारची येते एक."

वामनरावांनी कपाटातून दोन डब्या काढल्या. "पाय बापू. आटे दोन्हीचे जमतात. दोनच जोड हायेत, आन लढाई चालू हाय तोवर तिसरा येत नाई. म्हणून दोनदा इचारतो. हा एक तेल पिणाऱ्या इंजिनाचा, हा एक तब्येतीनं चांगल्या इंजिनाचा. एकाचा दुसऱ्याले चालत नाई. तेल खात नाई न?"

"नाई."

"तुह्या शब्दावर देऊन राह्यलो."

"तेल खाणाऱ्याचा इकडं द्या मंग," नत्थुजी बाकावरून उठला. "आमच्या सेठची त डबाच तोंडाले लावते. रोज पाजा लागते."

त्याला सांगायला काय जात होतं. गाडी सेठची होती.

परतीच्या वाटेवर मुर्तिजापूरला लहान गाडी उभी होती, पण सुटायला वेळ होता. फलाटावर बसून भगवंतनं डबी उघडली. आत प्लगांसोबत घडी घातलेला इंग्रजी कागद होता आणि त्यावर दोन चित्रं. दोन प्लग, मधून चिरलेले. एकाच्या टोकाची चिनीमाती लांब, एकाची आखूड. याच्या हातातले आखूड. त्याला सगळं वाचता येत नव्हतं, पण तेलाचा शब्द येत होता, गरमचा येत होता, थंडाचा येत होता. अक्षर अक्षर लावत त्यानं अर्थ काढला. लांब टोक तापलेलं राहतं, अंगावर आलेलं तेल जाळून टाकतं. आखूड टोक थंड राहतं. चांगल्या इंजिनाला ते बरं, नाही तर टोक वितळायचं. पण तेल पिणाऱ्या इंजिनात आखूड टोक बसवलं तर तेल जळतच नाही. टोकावर साचून राहतं. म्हणजे जुन्या प्लगांना अमरावती गाठेपर्यंत जेवढं काळं व्हायला लागायचं, तेवढं हे अर्ध्या वाटेत होणार.

कागद त्यानं परत घडी घातला. समोरच्या फलाटावर अकोल्याकडं जाणारी गाडी लागायची होती. वामनराव दिवेलागणीपर्यंत दुकानात असतात. नत्थुजी अकोल्यातच राहतो, त्यानं प्लग अजून बसवलेही नसतील. हे सगळं भगवंतच्या डोक्यात आलं. लहान गाडी सुटायला अजून अर्धा घंटा होता, म्हणजे वेळ नव्हता म्हणून राहिलं असंही म्हणता येत नाही. परत जायचं म्हणजे त्या फळीसमोर उभं राहून म्हणायचं, मी खोटं बोललो, ती धूर सोडणारी आमचीच. नत्थुजी पुन्हा बाकावर असला तर त्याच्यासमोर.

एक खेप तर काढतीलच, असं म्हणत तो लहान गाडीत बसला.

रविवारी प्लग बसवले. हँडल मारलं तर म्हातारी पहिल्याच फटक्यात चालू झाली. नवे प्लग, कोरडं टोक, ठिणगी पांढरीशुभ्र. कोणत्याही प्लगानं पहिल्यांदा झालीच असती, पण ओसरीवरच्या कोणाला ते माहीत नव्हतं. शालिकनं ती अंगणातच मागं-पुढं केली. खुशालरावांनी मान हलवली, त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

रुख्मिणी पोटावर एक हात धरून सावकाश आली. पुढच्या काचेखाली तिनं हळदीकुंकू लावलं, मग भगवंतकडं वळून म्हणाली, "भाऊजी, तुमी होते म्हणून झालं."

भगवंत हातातला पाना पुसत राहिला. पाना स्वच्छच होता.

तरी त्यानं एक काम केलं. जुन्या चारपैकी दोन न तडकलेले प्लग फडक्यात बांधून खिशात टाकले.

सोमवारी पहाटेच निघाले. पिंजरा रिकामा, वजन नको म्हणून. दर्यापूरपर्यंत म्हातारी गात गेली. शालिक खुशीत होता, रस्त्यानं भेटेल त्या बैलगाडीवाल्याला हात करत होता.

"भगवंता, आवाज आयकून राह्यला का? अशी त ते वकिलाकडंबी चालली नसन."

"हळू घे."

"काहून हळू? पोट्टीसारखी पळून राह्यली."

दर्यापूर सोडून दोन कोस गेले आणि एक ठोका चुकला. मग चुकतच राहिला. चाराचे तीन झाले. भगवंतनं उतरून प्लग काढला तर टोक तेलानं चिंब. पुसला, बसवला. कोसभर गेले, दुसरा गेला. मग पहिला परत. बाभळीखाली थांबायचं, काढायचं, पुसायचं, बसवायचं, चालायचं. शालिकच्या तोंडचं बोलणं कमी होत गेलं. वलगावच्या अलीकडं तो एवढंच म्हणाला, "नवे असून असं काहून करून राह्यले?"

"पाहतो," भगवंत म्हणाला. तो खाली वाकलेला होता, त्यामुळं तोंड दिसलं नाही.

अमरावतीला कचेरीच्या आवारात पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. साहेब नागपूरकडचे, वयस्कर, घामानं बेजार, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला, ब्रेक दाबून पाहिला. मागचा धूरही पाहिला आणि नाकाला रुमाल लावला.

"धूर सगळ्याच सोडतात आजकाल," ते म्हणाले. "मला ती ओझं घेऊन चढते की नाही तेवढं पाहायचं आहे. पुलाच्या चढावरून नेऊन आणा. मी बसतो."

शालिकनं हँडल मारलं. म्हातारी खोकली. पुन्हा मारलं. सातव्या-आठव्या फटक्याला सदरा पाठीला चिकटला. चारही प्लग ओले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजेपर्यंत मी आहे. काय करायचं ते करा."

फाटकाबाहेर एक चहावाला होता, त्याच्याकडं कोळशाची शेगडी. भगवंतनं त्याला विनवून प्लग निखाऱ्यात टाकले. गरम प्लग बसवला की टोकावरचं तेल जळतं, पहिली काही मिनिटं तरी ठिणगी पडते, हे त्याला माहीत होतं. दोन नवे आणि खिशातले दोन जुने, चारही लाल व्हायच्या आत काढले, शालिकच्या उपरण्यात धरून पळत आणले, चटके बसत बसत आवळले. चहावाला मागून ओरडून विचारत होता, भाजून खाता का काय.

म्हातारी चालू झाली. साहेब शालिकच्या बाजूला बसले, भगवंत मागं पिंजऱ्यात उभा. आवारातून बाहेर, वळणावरून, पुलाकडं. अर्ध्या चढापर्यंत चारही ठोके नीट पडत होते. भगवंत मनातल्या मनात मोजत होता. मग तीन झाले. शालिकनं खालचा गिअर टाकला. मग दोन. जुने दोन चालू होते, नवे दोन गेले होते. तेवढ्यावर गाडी जागच्या जागी थरथरली आणि बंद पडली. मग मागं घसरायला लागली. शालिकनं दोन्ही ब्रेक ओढून धरले, भगवंत उडी मारून चाकाखाली दगड लावायला धावला.

साहेब खाली उतरले. रुमालानं मान पुसली. त्यांनी स्वतः सांगितलं, एक प्लग काढून दाखवा. भगवंतनं नवा काढला. साहेबांनी तो उन्हात धरला.

"हे तर धडधाकट इंजिनाचे प्लग आहेत. हिला कोणी दिले?"

"अकोल्यावरून आणले साहेब," शालिक म्हणाला. "तिथल्या दुकानदारानं देल्ले."

"फसवलं तुम्हाला. बरोबर प्लग असते तर चढली असती बहुतेक. इंजिन मेलेलं नाही." त्यांनी प्लग परत दिला. "पण मी बहुतेकवर सही करू शकत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. तोवर कूपन बंद."

कागदावर तसं लिहून, तो शालिकच्या हातात ठेवून ते पायीच कचेरीकडं गेले.

दोघांनी म्हातारी ढकलत रस्त्याच्या कडेला लिंबाखाली घेतली. शालिक पायरीवर बसला. त्यानं कागद चौपट घडी करून टोपीच्या आत ठेवला आणि बोलायला लागला. आवाज साधा होता.

"त्या वामनरावाचं दुकान कोठी हाय नेमकं?"

"काहून?"

"जाईन मी. फौजेत जायाच्या आंधी एक डाव अकोल्याले जाईन. नरडं धरून इचारीन, म्हातारा झाला आन माणसं मारून राह्यला का. आन अंजनगावात सांगीन, दर्यापुरात सांगीन, कोणी त्याच्या फळीवर पाय नाई ठेवाचा. सहा महिन्यानं माह्यं काय होते त्याले काय मालूम."

भगवंत चाकापाशी उकिडवा बसला होता. हात तेलानं भरलेले. ते त्यानं मातीत घासले.

"वामनरावानं नाई फसवलं," तो म्हणाला.

"साहेब म्हणते न."

"साहेबाले मालूम नाई. वामनरावानं इचारलं होतं, गाडी तेल खाते का. दोन डाव इचारलं. मी नाई म्हणलं."

शालिक त्याच्याकडं पाहत राहिला. जणू पुढं आणखी काही येणार आहे.

"तिथं एक डायवर बसला होता," भगवंत म्हणाला. "म्हातारीले हसून राह्यला होता. आन मी प्लग धुवून नेल्ते, त्यात काही दिसत नव्हतं. मी म्हणलं थेंबबी खात नाई. जे पाह्यजे होते ते त्यानंच नेले."

"असं." शालिकनं एक काडी उचलली, तोडली. "कवा समजलं तुले?"

"मुर्तिजापूरले. डबीत कागद होता."

"परत नाई जाता आलं?"

"येत होतं."

रस्त्यानं एक टांगा गेला. त्याची घंटी लांबपर्यंत ऐकू येत होती.

"म्हणजे काल," शालिक सावकाश म्हणाला, "रुखमी कुंकू लावून राह्यली होती. तवा तुले मालूम होतं?"

"होतं."

"आन दर्यापूरपर्यंत मी बडबड करून राह्यलो होतो, तवाबी?"

"तवाबी."

शालिक उठला. भगवंतला वाटलं आता मारील, आणि मारावं असंही वाटलं. पण तो नुसता म्हातारीच्या पुढं जाऊन उभा राहिला, काचेखालचं कुंकू धुळीनं माखलं होतं तिथं. पाठमोरा.

"मले सांगतलं असतं शनिवारी," तो तिकडं तोंड करूनच म्हणाला, "त रातभर बैलगाडी हाकून मी अकोल्याले गेलो असतो. त्या डायवरच्या पाया पडलो असतो. मले काही लाज नाई. गाडी माही तेल पिते म्हणून गावभर सांगतो मी."

"मालूम हाय."

"तुले काय लाज होती बे? गाडी त माही होती."

भगवंतनं हातावरची माती झटकली.

"उद्या मी नाव देतो," शालिक म्हणाला. "बाबाचा शब्द हाय, आन बाबा कागद पाहीन. तुह्यामुळं झालं म्हणून सांगतलं तरी कागद तोच राहते. त्याईले काही नाई सांगत मी."

"मी सांगतो त्याईले. मी जातो तुह्या बदल्यात."

"तुले गाडी चालवता येते का?"

येत नव्हती. त्याला उघडता येत होती, चालवता कधी आलीच नव्हती. शालिकच्या तोंडावर पहिल्यांदा हसण्यासारखं काही तरी आलं आणि लगेच गेलं.

"घरी पोचलो का रुखमी अंगणात येईन," तो म्हणाला. "इचारीन काय झालं. मी म्हणलं गाडी म्हातारी होती त ते मानून घेईन. तिले काय समजते प्लगचं. जलमभर मानून घेईन, आन तुले भाऊजी म्हणत राहीन. ते मले नाई पाह्यजे. मी तिकडं कोठी असीन कोणाले मालूम. असीन का नाई तेबी नाई मालूम. तिच्याजवळ खरं राहाले पाह्यजे. तू सांग."

"मी?"

"तू. मी नाई सांगत. मी बैलाले पाणी पाजाले निघून जाईन मागून. तू सांग."

भगवंतनं चाकाला हात धरून स्वतःला उभं केलं. रुख्मिणीचं तोंड त्याच्या डोळ्यासमोर आलं, पोटावरचा हात आला, आणि त्याला वाटलं वामनरावांच्या फळीसमोर परत जाणं यापेक्षा किती सोपं होतं.

"सांगतो," तो म्हणाला. "घरी पोचल्याबरोबर सांगतो. गाडी म्हातारी होती असं नाई म्हणणार, साहेब कडक होता असंबी नाई म्हणणार. मले इचारलं होतं आन मी खोटं बोललो, आन मुर्तिजापूरवरून परत नाई गेलो, असंच सांगीन. वहिनी जे म्हणन ते आयकून घेईन. तुले शब्द देतो, शालिक."